डांबराचा अंगठा

आमदार झाल्यापासून धाकट्याने वल्ह्याला हात लावला नव्हता. थोरल्याने त्याला लावूही दिला नव्हता. घर नावाड्याचं. नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे दवाखाना, कचेरी, बाजार आणि पक्का रस्ता, आणि मधे नुसतं पाणी. धाकटा निवडून आला तो पुलाच्या नावावर. "पूल बांधतो आणि आधी माझ्याच भावाचा धंदा बुडवतो," असं तो सभेत म्हणायचा. लोक हसायचे, आणि कडेला उभा असलेला थोरलाही हसायचा. एकशे सत्तर मतांनी गडी पार झाला. त्याला आता अडीच वर्षं झाली होती, पुढच्या निवडणुकीला तेवढीच उरली होती आणि नदीत अजून एक दगड पडला नव्हता.

पूल नव्हता, पण पत्रं होती. रोज सकाळी दारात चार-पाच माणसं बसलेली असायची. कुणाला दवाखान्यात खाट हवी, कुणाला पोराचा शाळेत प्रवेश, कुणाची बदली. आमदार राजधानीत. मग महिन्यातून एकदा तो घरी यायचा, ओसरीवरच्या लाकडी पेटीवर बसायचा आणि छापील कागदांच्या गठ्ठ्यावर खाली, उजव्या कोपऱ्यात, सह्या करत सुटायचा. वर सगळं कोरं. त्या कोऱ्या जागेत मजकूर लिहायचं काम वहिनीचं.

थोरल्याची बायको म्हणून तिला सगळा गाव वहिनीच म्हणायचा, तिच्या दुप्पट वयाचे म्हातारेसुद्धा. ती लग्न होऊन आली तेव्हा सासू वारलेली होती आणि धाकटा पाच वर्षांचा, शेंबडा. सातवी शिकलेली ही एवढीच त्या घरातली विद्या. उलट्या घातलेल्या नावेच्या बुडावर कोळशाने तिने त्याला अक्षरं शिकवली. पाऊस आला की धडा धुऊन जायचा, की पुन्हा पहिल्यापासून.

पत्रं लिहायची तिची एक रीत होती. मजकूर बरोबर सहीच्या बोटभर वर संपला पाहिजे. काम लहान असेल तर अक्षर मोठं काढायचं, मोठं असेल तर बारीक. मधे रिकामी जागा सोडायची नाही, कुणी काही घुसडेल. आणि दुसरी गोष्ट, कोरा कागद घराबाहेर जाणार नाही. लिहून, वाचून दाखवून, घडी घालूनच हातात द्यायचा. अडीच वर्षांत हे एकदाही मोडलं नव्हतं.

त्या दिवशी मोडलं.

पाणी चढलं होतं. मोठी नाव काठावर उलटी घातली होती, कारण बुडाच्या दोन फळ्यांमधून पाणी झिरपायला लागलं होतं. थोरला जुन्या चिंध्यांची वळी पिळून भेगेत घालत होता आणि पटाशीवर हातोडा मारून आत बसवत होता. त्यामागोमाग वहिनी डबड्यातलं तापलेलं डांबर काठीने सोडत होती आणि बोटांनी दाबत होती. हात कोपरापर्यंत काळे. डांबर निवायच्या आत काम उरकायचं असतं, तेव्हा दोघंही बोलत नव्हती.

सुतार धावत आला. धावायचं त्याचं वय नव्हतं.

"वहिनी, सून अडलीय. सुईण म्हणते पलीकडे न्या. आत्ता न्या."

थोरला हातोडा टाकून उठला आणि लहान होडी सोडायला गेला. नेमका त्याच सकाळी आमदाराचा पीए घरी आलेला होता. दोन फोन, इस्त्रीचा शर्ट, आणि जिभेवर कायम साखर. त्याची गाडी पलीकडच्या काठावर उभी होती.

"काळजी नको, काका. माझ्या गाडीने नेऊ," पीए म्हणाला. "वहिनीसाहेब, तेवढं एक पत्र द्या. तिथे खाट मिळत नाही पत्राशिवाय."

वहिनीने दोन्ही हात वर केले. "हे असे हात. मी लिहिलं तर कागद वाचता यायचा नाही. थांबा, रॉकेलने धुते."

"धुवेपर्यंत बाई राहील का?" सुतार म्हणाला.

"द्या कोरा," पीए म्हणाला. "गाडीत मी लिहितो. चार ओळी तर आहेत."

तिकडे चार माणसं सुनेला बाजेवर घालून काठाकडे आणत होती. ती ओरडतही नव्हती, नुसती कण्हत होती, आणि ते कण्हणं वहिनीला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. वहिनी घरात गेली. कपड्यांच्या ट्रंकेतून गठ्ठा काढला. जपून, दोन बोटांच्या टोकांनी एक कागद ओढला. तरी वरच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा उमटलाच, काळा, रेषान् रेषा दिसणारा.

"जरा खराब झाला."

"चालतंय की," पीए म्हणाला आणि कागदावर फुंकर घालून तो फायलीत ठेवला.

होडी पलीकडे लागेपर्यंत ती काठावर उभी होती. मग डबड्याखालचा जाळ पुन्हा सारखा करून खाली बसली. डांबर आळून गेलं होतं.

चौथ्या दिवशी सुतार परत आला. हसत होता. नातू झाला होता, आई सुखरूप होती. वहिनीने त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "पत्राचा उपयोग झाला ना?"

"कसलं पत्र?"

"पीएने दिलं नाही?"

"त्याने फाटकाशी उतरवलं आणि गाडी वळवली. म्हणाला, राजधानीत तातडीचं काम आहे. पण आत कुणी पत्र मागितलंच नाही, वहिनी. बाईची अवस्था बघून घेतलंच त्यांनी. उगाच आपण घाबरलो."

वहिनी उंबऱ्यावर बसली. सुतार नातवाचं नाक कुणावर गेलंय ते सांगत होता आणि ती मान हलवत होती, पण तिला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. थोरला दोरखंडाची गाठ सोडवत होता.

"हरवला असेल कुठे," तो म्हणाला.

"तसा हरवणारा माणूस आहे का तो?"

थोरल्याने गाठ पुन्हा आवळली.

दुसऱ्या दिवशी बातमी नावेतूनच आली. पलीकडून येणाऱ्या उतारूंनी थोरल्याला सांगितली, आणि तीही त्याला आधीच ठाऊक असेल असं धरून. "भावाने राजीनामा का दिला हो?" सरकार एका मतावर तरलेलं, अर्थसंकल्पावर मतदान तोंडावर आलेलं, आणि आमच्या आमदाराने विधानसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला म्हणे. अध्यक्षांकडे पत्र पोचलं म्हणे. थोरल्याने नाव मधल्या धारेत सरळ ठेवली, उतारू उतरवले, आणि मग वाळूत खाली बसला.

आमदार तिसऱ्या दिवशी घरी आला. बरोबर वकील होता, पण त्याला आमदाराने काठावरच थांबवला. ओसरीवर येऊन पेटीवर बसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. फोनवर त्याने फोटो दाखवला. छापील कागद, टंकलेल्या तीन ओळी, खाली त्याची सही. वरच्या डाव्या कोपऱ्यात काळा अंगठा.

"हा कुणाचा?"

"माझा," वहिनी म्हणाली. तिने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सांगताना ती एकदाही रडली नाही, पण शेवटी म्हणाली, "चुकले मी. तुझं वाटोळं केलं."

लोकांसमोर ती त्याला अहो-जाहो करायची. घरात तो अजून 'तू'च होता.

"पीए विकला गेला," तो म्हणाला. "सापडत नाही. फोन बंद."

"मग तू जाऊन सांग ना अध्यक्षांना. कोरा कागद होता म्हणावं, वर दुसऱ्याने लिहिलं."

"तेच तर." त्याने तोंडावरून हात फिरवला. "वकील म्हणतो, कोऱ्या कागदावर सही करून दिली हे मी कबूल केलं की सही माझी ठरली. सही माझी तर राजीनामा माझा. खरं सांगितलं तर मी गेलो. आणि मी गेलो तर सोमवारी सरकार गेलं, आणि अर्थसंकल्पात पूल आहे तोही गेला."

थोरला खांबाला टेकून उभा होता. "मग खोटं काय सांगायचं ते सांग," तो म्हणाला.

आमदाराने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो वहिनीच्या हातांकडे बघत होता. नखांच्या कडांत डांबर अजून होतं.

"सही माझी नव्हतीच, असं म्हणायचं. ती वहिनी करते. मी नसताना माझ्या नावाने लोकांना पत्रं देते, मला पत्ताही नाही. अंगठा तिचा आहेच कागदावर. मग राजीनामा आपोआप खोटा पडतो."

वहिनीने हात पदराखाली घेतले.

"आणि मला काय होईल?" तिने विचारलं.

"गुन्हा दाखल होईल. नावाला. महिन्याभरात मिटवतो मी. माझ्याच हातात असेल ना सगळं." मग तो पेटीवरून उतरला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा. "वहिनी, तू मला वाढवलंस. एवढं एकच."

थोरल्याने घसा खाकरला. "तिने वाढवलं, याचा अर्थ तिनेच फेडायचं असा होतो का रे?"

"अहो, राहू द्या," वहिनी म्हणाली. "कागद मीच दिला."

राजधानी तिने पहिल्यांदाच पाहिली, आणि पाहिली म्हणजे काय, गाडीच्या काचेतून पाहिली. अध्यक्षांची खोली थंड होती. अध्यक्ष म्हातारे, दमलेले, चष्मा कपाळावर. टेबलाच्या एका बाजूला आमदार आणि वकील, दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षाचे दोघं. तिला भिंतीशी खुर्ची दिली होती. खुर्चीत पाठ टेकावी की नाही हे तिला कळेना, म्हणून ती कडेवरच बसली.

"बाई, ही सही कुणाची?" अध्यक्षांनी कागद पुढे केला.

"मी केली."

"आमदारांनी सांगितलं म्हणून?"

"नाही. त्यांना माहीत नव्हतं."

"किती पत्रांवर अशा सह्या केल्यात?"

तिने आमदाराकडे पाहिलं. तो टेबलाच्या लाकडाकडे बघत होता. "जेवढी माणसं आली तेवढ्या," ती म्हणाली.

विरोधी पक्षातला एक जण हसला. "साहेब, हे पढवलेलं आहे. नाव चालवणाऱ्याची बायको ही, हिला अशी सही येईल? करून दाखवू द्या."

तिच्यासमोर कोरा कागद आला आणि पेन आलं. वकिलाचा चेहरा उतरला. सराव करायला वेळच मिळाला नव्हता, आणि खरं तर कुणाला सुचलंही नव्हतं.

वहिनीने पेन घेतलं. पहिल्या अक्षराची मान थोडी वाकडी, दुसऱ्याचं पोट मोठं, आणि शेवटी रेघ ओढून तिच्याखाली एक टिंब. हात कुठेही अडला नाही. अडणार कसा? ही वाकडी मान आणि हे मोठं पोट तिनेच नावेच्या बुडावर काढून दाखवलेलं, आणि पाच वर्षांच्या पोराने ते तसंच्या तसं उचललेलं. अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग विरोधी पक्षाच्या माणसाकडे सरकवले. तो हसायचा थांबला.

आमदाराने तेव्हा तिच्याकडे पाहिलं. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा होता, पण त्यात आणखी काहीतरी होतं. त्याला तिची भीती वाटली. तिला ते दिसलं आणि फार लागलं.

राजीनामा रद्द झाला. सोमवारी सरकार एका मताने तरलं. संध्याकाळी आमदाराच्या गळ्यात हार पडले, ते नावेतल्या उतारूंनी फोनवर थोरल्याला दाखवले. गुन्हाही दाखल झाला, नावाला नव्हे, चांगला चार कलमांचा.

जामीन मिळाला तो अटीवर. दर मंगळवारी पलीकडच्या पोलीस ठाण्यात हजेरी. मंगळवारी सकाळी थोरला इतर उतारूंबरोबर तिलाही नेऊ लागला. ती नावेच्या टोकाशी, त्याच्याकडे तोंड करून बसायची. पूर्वी बायका तिच्या शेजारी बसायला धडपडायच्या, आता जागा सोडून बसायला लागल्या. ठाण्यातला हवालदार रजिस्टर पुढे सारून म्हणायचा, "घ्या, करा सही. स्वतःची बरं का. नाहीतर आमच्या साहेबांची कराल." मग शेजारच्या टेबलावरचाही हसायचा. हा विनोद दर आठवड्याला नवा असायचा.

त्या रजिस्टरात तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सही केली. पहिल्या मंगळवारी हात थबकला. दुसऱ्यांचं नाव इतकी वर्षं लिहिलं, पण स्वतःच्या नावाची सही कशी करायची हे ठरवायची वेळच आली नव्हती. सावकाश, सुटं सुटं अक्षर काढून तिने लिहिलं. हवालदाराने ते उलटं करून वाचलं आणि शिक्का मारला.

महिना झाला, तीन झाले. गावात चौकशीला माणसं आली. ज्यांच्या ज्यांच्याकडे तिने लिहिलेलं पत्र होतं त्यांना नोटिसा. शाळेतल्या पोरांचे प्रवेश परत तपासणार, बदल्या परत तपासणार. तोंडावर कुणी बोलेना, पण काठावरचं बोलणं पाण्यावरून चांगलं ऐकू येतं. "शिकलेली बाई, आणि अंगठा उठवून आली," हे तिने नावेत बसूनच ऐकलं.

एक दिवस सुतार आला. हातात दोन जुनी घडीची पत्रं होती, एक त्याच्या मुलाच्या कामाचं, एक त्याच्या पेन्शनचं. दोन्ही तिच्याच अक्षरातली. त्याने ती उंबऱ्यावर ठेवली.

"घरात नकोत म्हणतो मुलगा," तो खाली बघत म्हणाला. "राग मानू नका, वहिनी."

"नातू कसा आहे?"

"आहे. बसतो आता." तो जायला वळला, परत थांबला. "नावेचं काही काम असेल तर सांगा. फळी बदलायची असेल तर."

"सांगेन," ती म्हणाली. रागावायचं कुणावर, हेच तिला कळत नव्हतं. त्या बिचाऱ्याने धावत येऊन मदत मागितली एवढाच त्याचा गुन्हा.

अर्थसंकल्प मंजूर झाला. पूलही मंजूर झाला, पण तीस किलोमीटर वर, दुसऱ्या एका आमदाराच्या गावाशी. त्या सोमवारी त्याचं मत जास्त महाग होतं. आमचे आमदार कुठल्याशा महामंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या गाडीवर दिवा आला. गाडी अर्थात पलीकडेच राहिली.

सहाव्या महिन्यात तो आला. मंगळवारच होता. वहिनी हजेरी लावून परतीच्या नावेसाठी काठावर उभी होती आणि तो गाडीतून उतरला. नावेत तिघंच. पाणी आता उतरलं होतं, थोरला बांबू लावून नाव रेटत होता.

"केसचं बघतोय मी," आमदार म्हणाला. "जरा राजकारण निवू दे."

"डांबर निवलं की मग काही करता येत नाही," वहिनी म्हणाली. तो ओशाळून हसला.

मग त्याने पिशवीतून गठ्ठा काढला. नवे छापील कागद, वर महामंडळाचंही नाव. "लोक विचारतात गं. पत्राशिवाय त्यांचं अडतं. परत सुरू कर."

तिने गठ्ठा हातात घेऊन वरचा कागद बघितला, खालचा बघितला, मधला उपसून बघितला. उजवा कोपरा सगळीकडे कोरा होता.

"सह्या राहिल्या," ती म्हणाली.

"तूच करत जा ना." तो पाण्याकडे बघत बोलला. "येतेच तुला. आणि आता सगळ्यांना माहीतच आहे की तू करतेस. उद्या काही झालंच तर... म्हणजे नवीन काही नाही ना त्यात."

बांबू पाण्यात तसाच राहिला. नाव धारेबरोबर हातभर खाली गेली, मग थोरल्याने रेटा दिला. काठ लागला. आमदार उडी मारून उतरला, जुन्या सवयीने, बूट वाचवून. थोरल्याने नाव बांबूने धरून ठेवली आणि मोकळा हात पुढे केला.

"भाडं."

"काय?"

"उतारूचं भाडं."

आमदाराला वाटलं चेष्टा आहे. तो हसला. थोरला हसला नाही. हात तसाच राहिला, घट्टे पडलेला, ओला. शेवटी आमदाराने पाकिटातून मोठी नोट काढली.

"सुट्टे दे," थोरला म्हणाला. "उरलेले परत द्यायला माझ्याकडे नाहीत."

आमदाराने खिसे चाचपले. सुट्टे नव्हते. मग वहिनीनेच कनवटीचं नाणं काढून नवऱ्याच्या हातावर ठेवलं. "याचं मी देते," ती म्हणाली. "शेवटचं." आमदार चढ चढून घराकडे गेला नाही. दुसऱ्याच्या होडीने परत पलीकडे गेला.

गठ्ठा पेटीवर पडून राहिला. आमदार येऊन गेला ही बातमी मात्र पसरली. पुढच्या मंगळवारी, सकाळीच, दारात एक बाई बसलेली. कुंभाराची बायको. नवऱ्याला आठ दिवस ताप, डोळे पिवळे. कित्येक महिन्यांत पत्राला आलेलं हे पहिलं माणूस.

"लोक काही म्हणोत, वहिनी. माझं दुसरं कोण आहे?"

वहिनीने एक कागद घेतला. जुन्या रीतीने लिहिलं, काम लहान म्हणून अक्षर मोठं, मजकूर बरोबर कोपऱ्याच्या बोटभर वर संपवला. मग पेन कोपऱ्यात टेकलं आणि हात आपोआप त्या वाकड्या मानेच्या अक्षराकडे निघाला. तिने तो थांबवला. मग सावकाश, सुटं सुटं, रजिस्टरात लिहायची तसं स्वतःचं नाव लिहिलं.

कुंभारणीला वाचता येत नव्हतं, पण आमदारांच्या सहीचा आकार तिला ठाऊक होता.

"ही आमदारांची नाही."

"नाही. माझी आहे."

"मग चालेल का?"

"नाही चालणार," वहिनी म्हणाली. तिने कागदाची घडी घातली आणि उठून चपला पायात सरकवल्या. "पण मंगळवार आहे. मला पलीकडे जायचंच आहे. आधी दवाखान्यात जाऊ, मग मी ठाण्यात जाईन. त्याला नावेपर्यंत चालता येईल का?"

"नाही येत."

"मग बाज घे," ती म्हणाली, आणि नवऱ्याला हाक मारायला काठाकडे निघाली.